लोहार विरुद्ध डोंगर

शनिवार, ७ फेब्रुवारी

सकाळी दुकानात गेले. तीन चष्मे दिले, एक परत आला. दुपारी घरी आले, कपडे वाळत घातले. चार वाजता दादाचे मित्र आले, साडेसहाला गेले. जेवावंसं वाटलं नाही. दूध घेतलं.

ही वही भाचीने दिली आहे. "मावशी, रोज चार ओळी लिहीत जा, बरं वाटेल," असं तिचं म्हणणं. चार ओळी झाल्या. पण आज थोडं जास्त घडलं, म्हणून लिहिते.

दादाला जाऊन दोन महिने झाले. तो माझा मोठा भाऊ. या घरात आम्ही दोघंच राहायचो. बॉक्सिंगच्या क्लबात तो वेळ बघायचा. म्हणजे तीन मिनिटं झाली की घंटा वाजवायची, एक मिनिट विश्रांती, मग पुन्हा घंटा. आयुष्यात त्याने कुणाला चापट मारल्याचं मला आठवत नाही.

दर शनिवारी चारला त्याचे दोन मित्र यायचे. एक कोपऱ्यावरचे शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. दुसरे बेकरीवाले. ते इतके अगडबंब आहेत की त्यांना टेंपो म्हणतात, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. तिघं मिळून न झालेल्या लढती लावायचे. शंभर वर्षांपूर्वीचा एक बॉक्सर घ्यायचा, आजचा एक घ्यायचा, दोघेही ऐन भरात आहेत असं धरायचं आणि कोण जिंकेल यावर घसा बसेपर्यंत भांडायचं. शेवटी दादा निकाल द्यायचा. त्यावर अपील नसायचं. मी आत स्वयंपाकघरात असायचे.

तो गेल्यापासून दोघं आले नव्हते. आज आले, तीन खुर्च्या ओढल्या, मग एक पुन्हा भिंतीला लावली. चहा झाला.

मग मास्तर म्हणाले, "ताई, एक केस पडून आहे."

लोहार विरुद्ध डोंगर. लोहार हा जुन्या काळातला, वजन चौऱ्याऐंशी किलो. तेव्हा सगळ्यात वरच्या वजनगटातही एवढ्याच वजनाची माणसं असत, आणि तो तिथला राजा होता. डोंगर आजचा, एकशे अठरा किलो. दारातून येताना वाकावं लागेल असा. दादा म्हणाला होता, पुढच्या शनिवारी सांगतो. पुढचा शनिवार त्याला मिळाला नाही.

"निकाल तुम्ही द्यायचा," टेंपो म्हणाले.

"मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही."

"तीस वर्षं ऐकताय की."

"मी भांडी घासत होते. मी एकही लढत पाहिलेली नाही."

"दादाने तरी कुठे पाहिली?" मास्तर म्हणाले. "तो घड्याळ बघायचा."

हे खरं आहे. मी हो म्हटलं. पण सांगून टाकलं की लवकर काय ते आटपू, कारण मार्चअखेर मी भाचीकडे कायमची राहायला जाणार आहे. घरमालकांनाही कळवलं आहे.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "मग घाई करून चालायचं नाही."

मला वाटलं होतं ते उलट म्हणतील.


बुधवार, ११ फेब्रुवारी

दुकानात गर्दी नव्हती. लोहार-डोंगरचा विचार केला. चौतीस किलोंचा फरक आहे. आमचं काच घासायचं यंत्र साधारण तेवढं असेल. ते हलवायला दोन माणसं लागतात. ते जर चिडून अंगावर आलं तर काय होईल, हे सांगायला पंच कशाला हवा? डोंगर जिंकेल. यात आठवडा घालवण्यासारखं काही नाही.

दादाच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. तो बसला की ती हलायची नाही. आता नुसता धक्का लागला तरी डुगडुगते.


शनिवार, १४ फेब्रुवारी

चारला दोघं आले. चहा द्यायच्या आधीच मी निकाल सांगून टाकला. डोंगर.

"अपील," मास्तर म्हणाले.

"अपील नसतं ना?"

"पंच बदलला की असतं."

मग दोघं मिळून लोहाराची बाजू लढवायला लागले. लोहार वीस-वीस फेऱ्या खेळायचा म्हणे. आज बारा फेऱ्यांत संपतं. तेराव्या फेरीत डोंगराला धाप लागेल, पंधराव्या फेरीत तो आईला हाक मारेल. त्यावर मी एवढंच विचारलं की फेऱ्या कुठल्या काळाच्या धरायच्या. विचारायला नको होतं. पुढचे दोन तास त्यातच गेले.

लोहाराला आजच्या काळात आणलं, तर तो वरच्या गटात बसतच नाही. आता मध्ये नव्वद किलोपर्यंतचा एक वेगळा गट आहे, त्याला तिथे पाठवतील आणि डोंगराशी त्याची गाठच पडणार नाही. डोंगराला मागे नेलं, तर त्याच्या मापाचे बूट मिळणार नाहीत. टेंपोंना त्याच्या पोटाचीही काळजी होती. "तेव्हा कोण एवढं खायला घालणार त्याला? महिन्याभरात निम्मा होईल बिचारा."

"आणि लोहार आजच जन्मला असता तर?" मी विचारलं. "चांगलं दूध-अंडी मिळाली असती. मोठाच झाला असता की."

"झाला असता. शंभर किलो भरला असता," मास्तर म्हणाले. "पण मग तो लोहार राहिला का? पायाने चपळ होता, कारण हलका होता. हलका होता, कारण घरात खायला नव्हतं. मी कोट सैल केला की तो त्याच गिऱ्हाइकाचा राहत नाही, ताई."

मला हे पटलं. निकाल पुढे ढकलला.


सोमवार, १६ फेब्रुवारी

भाचीचा फोन आला. सामान न्यायला गाडी कधी सांगू, असं विचारत होती. दादाचे कपडे कुणाला तरी देऊन टाक म्हणाली, त्याचा तो मोठा कोटही. मी म्हटलं, बघते. बाकी सगळं आवरलं आहे, फक्त एक निकाल राहिला आहे.

"कोर्टाचा?" तिने घाबरून विचारलं.

मी म्हटलं, तसाच.


शनिवार, २१ फेब्रुवारी

या आठवड्यात मी मनापासून विचार केला आणि लोहाराच्या बाजूने झाले. वीस फेऱ्या ही साधी गोष्ट नाही. तसं आज सांगितलं, तर दोघं लगेच डोंगराचे वकील झाले. मागच्या शनिवारी ज्याला आईला हाक मारायला लावत होते, त्याचेच गुण गायला लागले. त्याचा हात किती लांब, लोहार जवळ येईपर्यंत दोन गुद्दे खाऊन चुकेल, वगैरे. मास्तर तर खुर्चीवर चढून हाताची लांबी दाखवत होते. मास्तरांचा हात खुर्चीवर चढूनही डोंगराएवढा होत नाही.

यांना स्वतःचं असं मत नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. दादा कसं सहन करायचा कोण जाणे.

टेंपोंनी बेकरीतला पीठ तोलायचा काटा आणला होता. वजनाची केस आहे तर आधी वजनं घेऊ म्हणाले. ते स्वतः एकशे बारा भरले. मास्तर अठ्ठावन्न भरले, त्यावर टेंपो म्हणाले, खिशातली कात्री काढ. काढली, तरी तेवढेच भरले. "कात्रीपेक्षा हलका आहे हा," टेंपो म्हणाले.

मग मला उभं राहायला लावलं. काटा चव्वेचाळीसवर थांबला.

दोघंही काट्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, काटा पिठाचा आहे, माणसांना बरोबर नसेल.

"काटा बरोबर आहे," टेंपो म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "ताई, एक अडचण आहे. पंच किमान पन्नास किलोचा लागतो. नियम आहे."

"असा नियम मी कधी ऐकला नाही."

"जुना आहे," मास्तर म्हणाले.

"कुठल्या काळातला?"

"दोन्ही."

दादा नव्वद किलोंचा होता, त्यामुळे हा प्रश्न कधी आला नसावा. पन्नास होईपर्यंत माझा निकाल धरता येणार नाही म्हणे. टेंपो रोज बेकरीतून पाव आणि अंडी पाठवणार आहेत. मी सांगितलं की एवढं नको. ते म्हणाले, नको कसं, केस अडली आहे.


मंगळवार, २४ फेब्रुवारी

दोन अंडी खाल्ली. नियमासाठी.

घरमालक जिन्यात भेटले. नवे भाडेकरू घर बघायला येतील म्हणाले. मी म्हटलं, कधीही येऊ द्या.


शनिवार, २८ फेब्रुवारी

वजन पंचेचाळीस. टेंपो नाराज झाले. मी म्हटलं, मी सगळं खाल्लं. "सगळं?" "टरफलं सोडून." त्यांनी मास्तरांना सांगितलं की आता सोबत लोणीही द्यावं लागेल. मास्तर म्हणाले, मलाही दे, मी पण हलका आहे. टेंपो म्हणाले, तू पंच नाहीस, तू मर.

त्यानंतर मुद्दा असा निघाला की बोलून काही कळत नाही, प्रयोग करून बघायला हवा. टेंपो डोंगर होणार, मास्तर लोहार. पण या दोघांतला फरक चौपन्न किलोंचा आहे आणि आपल्याला चौतीसचा हवा. मी सुचवलं की मास्तरांच्या अंगावर वीस किलो चढवावे लागतील. मी हे सहज बोलले. दोघांना ते इतकं आवडलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मास्तरांनी विचारलं, दादाचा मोठा कोट आहे का अजून? त्यात आतून खिसे शिवता येतील.

मी कपाटातून काढून दिला. त्यांनी तो हातावर घेतला, शिवण उलटून पाहिली, म्हणाले, "मीच शिवला होता." मग घडी घालून घेऊन गेले.


बुधवार, ४ मार्च

दुकानात एका गिऱ्हाइकाला भिंग बदलून विचारत होते, आता स्पष्ट दिसतं की मघाशी? तो म्हणाला, दोन्ही सारखंच. मी विचारलं, नक्की? म्हणाला, नाही, मघाशी. मग म्हणाला, आता. मला पहिल्यांदाच अशा माणसाचा राग आला नाही.

पाव, लोणी, अंडी. एक केळंही.


शनिवार, ७ मार्च

वजन सेहेचाळीसच्या वर. आज काट्याने वरचा अर्धा किलो दाखवला, तोही टेंपोंनी धरायला लावला.

प्रयोग झाला. सगळं क्रमाने लिहिते.

टेबल भिंतीला सरकवलं. सतरंजी गुंडाळली. मास्तर दादाचा कोट घालून आले. आत त्यांनी दहा खिसे शिवले होते, आणि प्रत्येकात टेंपोंनी दोन किलो पिठाची पिशवी भरली. कोट त्यांच्या घोट्यापर्यंत आला. ते रस्त्याने तसेच चालत आले होते आणि वाटेत कुणीतरी त्यांना तब्येत सुधारली म्हणालं होतं. दोघांनी हातांना कोटाच्या खांद्यात घालतात तसे कापसाचे पॅड बांधले. मास्तरांनी नियम सांगितला की तोंडावर मारायचं नाही, कारण टेंपोंना संध्याकाळी गिऱ्हाइकं असतात.

वेळ मी बघायची होती. दादाची घंटा फळीवरून काढली. त्याचं घड्याळ हातात घेतलं आणि घंटा वाजवली.

घंटा लढत सुरू करण्यासाठी होती, पण आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. या घरात ती पूर्वी कधी वाजलीच नव्हती. क्लबात वाजायची. मग टेंपो म्हणाले, "चल रे, वेळ सुरू झाला," आणि ते सुरू झाले.

पहिल्या फेरीत काय झालं ते मला सांगता येणार नाही. तीन मिनिटं चुकू नयेत म्हणून मी घड्याळाकडेच बघत होते. नुसते आवाज येत होते. मास्तरांचं "हं", टेंपोंचं "अरे अरे", आणि एकदा काहीतरी कपाटावर आपटलं. आवाजावरून मला कोण कुठे आहे ते बऱ्यापैकी कळत होतं. दादालाही असंच कळत असेल.

दुसऱ्या फेरीत मान वर केली. मास्तर कोट सावरत गोल फिरत होते आणि टेंपोंच्या पोटावर गुद्दे मारत होते. पीठ अंगावर असलं तरी ते गुद्द्यात येत नाही, हे लगेच दिसलं. टेंपोंना गुदगुल्या होत होत्या. ते मारत नव्हते. ते नुसते पुढे गेले, दोन्ही हात मास्तरांच्या खांद्यांवर टाकले आणि टेकले. आपण दमून भिंतीला टेकतो तसे. मास्तरांचे गुडघे वाकायला लागले.

तेव्हा मला केस समजली. डोंगराला मारायची गरजच नाही. त्याने दर फेरीत मिनिटभर असं टेकायचं. लोहाराला वीस फेऱ्यांचा दम आहे, पण तो दम मारण्याचा आणि पळण्याचा आहे, एकशे अठरा किलो अंगावर घेऊन उभं राहण्याचा नाही. पाचव्या फेरीपर्यंत त्याचे पाय जातील.

"ताई, सोडवा," मास्तर कोटातून म्हणाले.

मी गेले. टेंपोंच्या दंडाला धरून ओढलं. काही हललं नाही. पाय रोवून ओढलं, तर मीच त्यांना लोंबकळले. त्यांना हसू आवरेना, आणि हसताना ते जास्तच जड झाले.

तेवढ्यात दार वाजलं. दार लोटलेलं होतं, त्यामुळे ते उघडलंच. घरमालक, एक नवरा आणि एक बायको. नवे भाडेकरू, घर बघायला आलेले.

त्यांना दिसलं ते असं. खोलीच्या मधोमध एक मोठा माणूस एका कोटावर ओणवा पडलेला, कोटातून आवाज येतोय, आणि मी मोठ्या माणसाच्या दंडाला टांगलेली, हातात घंटा. त्याच क्षणी कोटातली एक पिशवी फुटली.

पांढरं सगळं हळूहळू खाली बसलं.

"काय पडलं?" घरमालकांनी विचारलं.

"डोंगर," मास्तर म्हणाले.

बाईंनी हळूच विचारलं, "हे घर... शांत आहे ना?"

"एरवी असतं," टेंपो उठून पॅड काढत म्हणाले. "शनिवारी असं असतं."

"दर शनिवारी," मास्तर म्हणाले. "आणि भिंती पातळ आहेत. वरच्यांनाही नाद आहे." वर कुणी राहत नाही, गच्ची आहे. पण मी काही म्हणायच्या आत ती मंडळी जिना उतरायला लागली होती. घरमालकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

मला इतकी लाज वाटली की मी सरळ आत गेले. तोंड धुऊन बाहेर आले. दोघं खुर्च्यांवर पाठ ताठ करून बसले होते, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. भुवया पांढऱ्या.

म्हटलं, "निकाल ऐका. लोहार टेकण्याने हरेल. पाचव्या फेरीत. डोंगर."

मी वाट बघितली. अपील आलं नाही. टेंपो मास्तरांकडे बघत होते. त्यांना यावर काही सुचत नव्हतं, कारण सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं.

"बरोबर आहे," मास्तर शेवटी म्हणाले. "दादानेही हेच दिलं असतं."

"हो," टेंपो म्हणाले. "मग... झालं."

"झालं," मास्तर म्हणाले. कोट अंगातून काढून ते घडी घालायला लागले. घडी नीट बसेना. उलगडून पुन्हा घातली.

मी कपबशा गोळा करत होते. दंड दुखत होता. त्याच वेळी मला चूक सापडली. माझ्या निकालात मोठी चूक होती.

"थांबा," मी म्हटलं. "रेफरी."

"काय रेफरी?"

"असं कुणी टेकलं तर रिंगमधला रेफरी येऊन दोघांना सोडवतो ना?"

"सोडवतो."

"मग त्याचं वजन किती? माझ्यासारखा असेल तर त्याला डोंगर हलणारच नाही, तोपर्यंत लोहार संपेल. पण धिप्पाड असेल, तर तो डोंगराला उचलून बाजूला करेल, आणि मग लोहाराला पुन्हा वीस फेऱ्या आहेतच. आणि तो कुठल्या काळातला? जुन्या काळी टेकू द्यायचे की लगेच सोडवायचे, हे तुम्ही मला सांगितलेलंच नाही. अर्धवट माहितीवर मी निकाल देणार नाही. राखून ठेवते."

मला वाटलं कंटाळतील. महिना झाला याला. पण टेंपो खुर्चीत असे टेकले की खुर्ची करकरली. मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत बसले. काच स्वच्छ झाली तरी पुसत होते. त्यांचा नंबर बदलला असावा. दुकानात या, तपासून देते म्हटलं. ते म्हणाले, येतो.

"रेफरीचं वजन," टेंपो म्हणाले. "ह्याला वेळ लागेल, ताई."

"लागू दे. नीट व्हायला हवं."

जाताना दोघंही जिन्यात भांडत होते. रेफरी किमान ऐंशी किलोचा हवा, असं मास्तर. टेंपो म्हणत होते, ऐंशीचा रेफरी म्हणजे बिस्कीट.

ते गेल्यावर भाचीला फोन केला. मार्चअखेर जमणार नाही म्हटलं. गाडी सांगू नकोस.

"का? निकाल लागला नाही का अजून?"

"लागला होता. पण रेफरीचं वजन ठरायचं आहे."

ती म्हणाली, "मावशी, तू जेवतेस ना नीट?"

"जेवते. नियम आहे."

निकाल लागला की येईन, असं तिला सांगितलं. ती बरं म्हणाली. घरमालकांना सोमवारी सकाळी भेटेन. त्यांची माफीही मागायची आहे.

पीठ सगळीकडे गेलं होतं. ओलं फडकं लावलं तर त्याचा चिकटा होतो, म्हणून आधी कोरडाच झाडू घेतला. खिडकीकडून सुरुवात केली, कपाटाखालून काढलं, खुर्च्या एकेक उचलून त्यांच्याखालचं काढलं. दाराशी ढीग केला आणि सुपलीत भरला.